बोनेटखालच्या अनोळखी पेट्या

वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपयांवर गेलं आणि जुन्या गाड्यांचे मालक हिशेबाला बसले. एवढे पैसे मोजायचेच, तर वायरिंगही एकदा साफ करून घेऊ, असं अनेकांच्या मनात येतं. विचार रास्त आहे. पण बोनेट उघडलं की कंपनीच्या कुठल्याच चित्रात नसलेल्या पेट्या, रिले, बटणं समोर येतात. कशाचं आहे ते ठाऊक नाही, मग तोडून टाका! खरं नुकसान इथूनच सुरू होतं.

जिवतीसारख्या डोंगरी तालुक्यात जुनी गाडी म्हटलं की आधी जीप आठवते. महिंद्रने मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि त्या वंशातल्या गाड्या पुढे कित्येक दशकं निघत राहिल्या. गडचांदूरहून माणिकगडच्या डोंगरात शिरणाऱ्या घाटरस्त्यावर रात्री उजेड जास्त लागतो, वळणावर हॉर्न मोठा लागतो. वायरमन हाताशी असेल त्या रंगाची वायर घेतो आणि काम भागवतो. पुढे मालक बदलतो, वायरमन बदलतो. वायर तिथेच राहते. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर बॅटरीची, पांढरी इग्निशनची, काळी अर्थची. तीन-चारदा दुरुस्त झालेल्या गाडीत या रंगांवर विसंबणं धोक्याचं.

आकड्यांवर मात्र बराच भरवसा ठेवता येतो. रिलेच्या बुडाशी ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात. ही जर्मन प्रमाणपद्धत. ३० वर बॅटरीचा पुरवठा येतो, ८७ वरून तो दिव्याकडे किंवा हॉर्नकडे जातो, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची टोकं. तसंच १५ म्हणजे इग्निशन, ३१ अर्थ, ५० सेल्फ, ४९ फ्लॅशर, ५६ हेडलाइट. चावी फिरवणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करावेत, इतके ते उपयोगाचे आहेत.

हेडलाइटजवळ जादा रिले दिसला तर तो बहुधा शहाण्या माणसाने बसवलेला असतो. ६० वॅटच्या दोन बल्बांना अप्परवर १२ व्होल्टला १० अँपिअर लागतात; बाजारातले १०० वॅटचे घातले तर जवळपास १७. एवढा करंट जुन्या स्विचमधून गेला की स्विच तापतो आणि उजेडही मंदावतो. तो भार रिले अंगावर घेतो.

पेट्रोल गाडीत सर्वाधिक अन्याय होतो तो इग्निशन कॉइलजवळच्या पांढऱ्या चिनी मातीच्या ठोकळ्यावर. दोन टोकं, वर नाव नाही, हात लावावा तर चटका. जळालाय असं समजून तो काढतात आणि वायर थेट जोडतात. गाडी चालू होते, म्हणून सगळे खूश! हा ठोकळा म्हणजे बॅलास्ट रेझिस्टर. इंजिन चालू असताना कॉइलकडे जाणारा करंट आवरणं हे त्याचं काम, आणि ते करताना तो तापणारच. तो गेला की कॉइल उकळते, पॉइंट जळतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. तो हवा की नको, हे मल्टिमीटर सांगतो: कॉइलच्या दोन बारीक टोकांमध्ये दीड ओहमच्या आसपास आकडा आला तर ठोकळा हवाच, तीन ओहमच्या आसपास आला तर सहसा त्याची गरज नसते.

युद्धकाळातल्या विलीस जीपची यंत्रणा ६ व्होल्टची होती. ती १२ व्होल्टवर नेलेली असेल, तर पेट्रोलच्या काट्यामागे एखादा रेझिस्टर लपलेला असू शकतो. तो काढला तर काटा जळतो. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आलेल्या गाडीत कट-आउटची जुनी पेटी निकामी झालेली असते, पण तिच्या टोकांवर वायरी जोडलेल्या राहतात. पेटी उपटली की चार्जिंगच बंद. डॅशबोर्डखालचं बिननावाचं बटण अनेकदा चोरी टाळायला बसवलेला चोर स्विच निघतं.

हे सगळं उपटण्याची घाई ज्या 'मूळ स्वरूपा'च्या धाकाने होते, तो धाक अनाठायी आहे. २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात हवी, हे खरं. पण तिथे मोठा फेरफार म्हणताना उल्लेख आहे तो चासी, बॉडी आणि इंजिन यांचा. एका रिलेने गाडीचं विंटेजपण जात नाही.

तेव्हा कटर उचलण्याआधी फोटो काढा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत प्लस अर्थ असतो, म्हणून अर्थ कोणता ते पाहा आणि बॅटरीची तीच वायर आधी सोडा. प्रत्येक अनोळखी वायर दोन्ही टोकांपर्यंत हाताने माग काढत न्या, टोकाला चिठ्ठी बांधा, वहीत आकृती काढा. जवळचा म्हातारा वायरमन हयात असेल तर त्याला बोलावून एकेक पेटी ओळखून घ्या आणि तो सांगेल ते लिहून ठेवा. आणि बॅटरीवरून थेट निघालेल्या ज्या जादा वायरीला फ्यूज नाही, तिला बॅटरीजवळच फ्यूज बसवा. हे काम नोंदणीच्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात करा.