मढच्या खाऱ्या हवेत जुनी मोटरसायकल

वर्सोव्याहून मढला येणाऱ्या बोटीत मोटरसायकल चढवणं दोन माणसांचं काम आहे. एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागून रेटायचं. खाडी ओलांडायला पाचेक मिनिटं लागतात. तेच मालाड-मार्वेवरून रस्त्याने यायचं तर वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. त्या पाच मिनिटांत टाकीवर, आऱ्यांवर, सायलेन्सरवर चार शिंतोडे उडतात. उतरेपर्यंत ते सुकलेले असतात आणि गाडीवाला निर्धास्त होतो. पाणी सुकलं म्हणजे प्रश्न मिटला, हा इथला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे.

सुकतं ते पाणी, मीठ जागेवरच राहतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. निव्वळ खाण्याचं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते 33 टक्क्यांच्या आसपासच ओल ओढायला लागतं. मुंबईची हवा इतकी कोरडी क्वचितच असते. म्हणजे आपल्याला सुकी दिसणारी गाडी रात्रभर खाऱ्या ओलीचा पातळ थर अंगावर घेऊन उभी असते. बोटीत कधी न चढलेल्या गाड्याही यातून सुटत नाहीत, कारण मढला वाराच मीठ घेऊन येतो.

यावर लोक जळकं ऑइल फासतात, नाहीतर डिझेलने गाडी धुऊन आणतात. दोन दिवस गाडी चकाकते खरी. पण डिझेलने रबरी बुश आणि सील फुगतात, ड्रमच्या कडेने ते आत झिरपलं तर ब्रेक लायनर कामातून जातात, आणि तेलकट पत्र्याला रेती चिकटून त्याचा सँडपेपर होतो. जळक्या ऑइलमध्ये तर इंजिनातली आम्लं आणि धातूचा चुरा आधीच असतो. तो पत्र्याला लावण्यात अर्थ नाही आणि हाताच्या कातडीलाही तो वाईट.

लागतं ते बादलीभर गोडं पाणी, मग आणि सुती फडकं. आऱ्यांच्या निपलांची मुळं, मडगार्डची आतली बाजू, टाकीचा तळ, चेनकव्हर आणि सायलेन्सरचा खालचा जोड, या पाच जागा धुतल्या की निम्मं काम झालं. पाण्याची प्रेशर गन मात्र जवळून मारू नये. चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि हँडलच्या कोनसेटमध्ये पाणी घुसून ग्रीस वाहून जातं, आणि ते कळतं चार महिन्यांनी, हँडल मध्येच अडकायला लागलं की.

धुऊन झाल्यावर गाडी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये गुंडाळणं ही पुढची चूक. मढला बोंबील बांबूंवर उघड्या वाऱ्यात वाळतात. प्लास्टिकखाली कोणी वाळत घालत नाही. गाडीचंही तसंच आहे. आतली ओल कव्हरला चिकटते आणि पहाटे परत पत्र्यावर उतरते. वरती छप्पर आणि बाजूने वारा, हे सगळ्यात चांगलं. कव्हर घालायचंच तर कापडी, हवा खेळती ठेवणारं, आणि गाडी पूर्ण सुकल्यावर.

आता पावसाळ्याकडे येतो, कारण जुन्या गाड्यांचं खरं नुकसान तिथे होतं आणि तेही प्रेमापोटी. 1 जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, आणि तेव्हाच बऱ्याच जुन्या मोटरसायकलीही कोपऱ्यात जातात. मग घरातलं कोणीतरी रोज सकाळी किक मारून दोन मिनिटं इंजिन चालू ठेवतं, ‘गाडी जाम होऊ नये म्हणून’. मीही एक अख्खा पावसाळा हे मनापासून केलं होतं. गणपतीच्या आधी माझ्या शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोकचा सायलेन्सर उतरवून तिरका केला, तर चहासारखं तांबडं पाणी फरशीवर सांडलं आणि त्यामागून गंजाचे पापुद्रे. बाहेरून क्रोम जवळजवळ नवं होतं.

ते पाणी पावसाचं नव्हतं. पेट्रोलमधला हायड्रोजन जळला की पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून जातं. इंजिन तापलेलं असेल तर ती वाफ बाहेर पडते. दोन मिनिटांत सायलेन्सर कोमटसुद्धा होत नाही. वाफ आतच थिजते, धुरातली आम्लं तिच्यात विरघळतात आणि पत्रा आतून खातात. थोडी वाफ क्रँककेसमध्येही उतरते आणि ऑइलचा पांढुरका फेस होतो. म्हणून चालवायची तर पंधरा-वीस किलोमीटर, इंजिन नीट तापेपर्यंत. ते जमणार नसेल तर किकला हात लावू नये.

दोन महिने उभी करायची असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटरचा फ्लोट बाऊल रिकामा करावा. टाकी एकतर गळ्यापर्यंत भरावी, नाहीतर पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवावा. अर्धी टाकी मात्र नको. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कॉक नेमका तिथूनच पेट्रोल उचलतो. ‘नव्या पेट्रोलने जुनं इंजिन महिन्याभरात संपतं’ अशी भीती घालणारे बरेच भेटतात. चालत्या गाडीत ते इतकं झटपट होत नाही. नळ्या, फ्लोट बाऊलचं गॅस्केट आणि कॉकचे वॉशर इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बदलले आणि पेट्रोल महिनोन् महिने साठवलं नाही, तर बहुतेक त्रास टळतो. ॲव्हरेज थोडं कमी होणारच, कारण लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते.

टू-स्ट्रोकवाल्यांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे: टू-टी ऑइल थोडं जास्त टाकलेलं बरं. यामाहा आरएक्स 100 भारतात 1985 ते 1996 या काळात बनली, आणि तिला कारखान्यातूनच ऑइलचा पंप होता. बऱ्याच गाड्यांचा पंप आता काढलेला आहे आणि ऑइल थेट टाकीत मिसळलं जातं. कार्ब्युरेटरच्या जेटमधून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं. मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रणाने इंजिन जास्त तापतं. म्हणजे पिस्टन पकडू नये म्हणून ओतलेलं जास्तीचं ऑइल त्याला पकडण्याच्याच वाटेवर नेतं. वर प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतात ते वेगळंच. 40 ला 1 म्हणजे लिटरला 25 मिली. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय ते मापाने घ्यावं, अंदाजपंचे नको.

याच गाड्यांचा सायलेन्सर ‘खाली’ केला की पळ वाढतो, असंही म्हणतात. वाढतो तो आवाज. टू-स्ट्रोकमध्ये धुरामागोमाग थोडं ताजं मिश्रणही बाहेर निसटतं. सायलेन्सरचा आतला आकार असा असतो की निमुळत्या टोकावर आपटून दाबाची लाट परत फिरते आणि निसटलेलं मिश्रण, पोर्ट बंद होण्याच्या आत, सिलिंडरमध्ये ढकलते. 98 सीसीतून 11 अश्वशक्ती निघायची त्यात या पत्र्याचा मोठा वाटा आहे. तो कापला की लाटही गेली.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीवर नोंदवलेला, कंपनीने ठरवलेला तपशील बदलता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीट, हँडल ग्रिप, सामानाचा कॅरिअर यांत हौस भागवायला पुष्कळ जागा आहे; चासी कापणं, दुसरं इंजिन बसवणं यात नाही. ‘15 वर्षं झाली, आता भंगारात’ हेही महाराष्ट्रात खरं नाही. तो नियम दिल्ली परिसरातल्या गाड्यांवरून आपल्याकडे ऐकीव आला. इथे 15 वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. आणि जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज नव्हे: 2021 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी 50 वर्षं पूर्ण लागतात, आणि तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

स्क्रूंबद्दल जरा थांबून सांगतो. गंजू नयेत म्हणून हौशी माणसं इंजिनच्या ॲल्युमिनियम कव्हरला स्टेनलेसचे स्क्रू बसवतात. खाऱ्या ओलीत दोन वेगळे धातू टेकले की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात खर्च होतं ते ॲल्युमिनियम. स्क्रू चकचकीत राहतो, भोकातल्या आट्यांची पांढरी भुकटी होते, आणि दोन वर्षांनी तो हलतच नाही. स्टेनलेस घालायचंच असेल तर आट्यांना ग्रीस लावूनच. दुसरं म्हणजे, जपानी धाटणीच्या इंजिनांवरचे मूळ फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या स्टार पेचकसाचे नसतात. खाच थोडी वेगळी असते. जोर लावला की पेचकस वर उचलला जातो आणि खाच गोल होते. जपानी मापाचा पेचकस घ्यावा, मागे हातोडीचा एक ठोका द्यावा आणि मग फिरवावा. मला तो उशिरा मिळाला, तोवर डाव्या कव्हरच्या तीन स्क्रूंच्या खाचा गेल्या होत्या.

‘पॅकिंगमधला जुना ओरिजिनल माल’ मिळाला की आनंद होतो आणि पिस्टन, गिअर यांच्या बाबतीत तो रास्त आहे. ऑइल सील आणि टायरच्या बाबतीत नाही, कारण रबर पॅकिंगमध्येही म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. गोटे शिल्लक असले तरी कडेला बारीक भेगा दिसल्या की तो टायर संपला. अरुंद रिमवर जाड टायर चढवूनही पकड वाढत नाही. टायर चिमटल्यासारखा गोल होतो आणि अक्सा-एरंगळकडच्या रेती उडालेल्या वळणावर गाडी अनपेक्षित कलते. चेन ताणून घट्ट करणाऱ्यांना एकच विनंती: दोन माणसं बसवून तिची ढील पुन्हा बघा.

राहिला रस्ता. गाडी वाटेत बंद पडली की पहिला हात कार्ब्युरेटरकडे जातो आणि मार्वे रोडच्या कडेला बारीक जेट रेतीत हरवतात. मढच्या गाड्यांमध्ये मला वारंवार भेटलेलं कारण त्याहून साधं आहे. पाच-सात किलोमीटर नीट चालते, मग गुदमरून थांबते. दहा मिनिटांनी काही न करता सुरू होते आणि पुन्हा तेच. अशा वेळी आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत जाताना ‘फस्स’ असा आवाज आला, तर झाकणातलं हवेचं भोक मीठ आणि धुळीने बुजलंय. टाकीत पोकळी होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. भोक टाचणीने मोकळं करा, झाकण लावा आणि किक मारा.