बाणाग्राची घडण, रक्ताचा माग आणि जखमी श्वापदाचा शोध : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्यात सोयाबीन, तूर व हरभऱ्याच्या पिकांना होणारा रानडुकरांचा उपद्रव हा शेतकऱ्यांच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. १९७० मध्ये अभयारण्य व २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालेल्या बोरच्या भोवतालच्या गावांत तो अधिकच जाणवतो. अशा श्वापदाला मारण्याविषयी चर्चा होते तेव्हा नेम आणि अंतर यांचाच विचार प्रामुख्याने होतो. परंतु बाण लागूनही जनावर हाती न येणे ही तिरंदाजीने होणाऱ्या शिकारीतील सर्वांत गंभीर त्रुटी होय, आणि तिचा बाणाग्राच्या, म्हणजे बाणाच्या टोकाशी बसविलेल्या पात्याच्या, घडणीशी निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

बाणाचे कार्य :

बंदुकीची गोळी आघाताने ऊती फाडते व हाडे फोडते. बाण मात्र कापतो. रक्तवाहिन्या छेदल्या जाऊन होणारा रक्तस्राव किंवा छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुसे मिटणे हीच बाणाने येणाऱ्या मृत्यूची प्रमुख कारणे असतात. सस्तन प्राण्याच्या शरीरात वजनाच्या सुमारे सात टक्के रक्त असते. म्हणजे साठ किलोच्या रानडुकरात ते चार लिटरच्या आसपास भरते. त्यातील एक तृतीयांशाहून अधिक रक्त वेगाने गेल्यास जनावर कोसळते.

येथे धारेचे महत्त्व स्पष्ट होते. बोथट पाते ऊती चिरडते. चिरडलेल्या ऊतींतून रक्त गोठविणारी द्रव्ये मोठ्या प्रमाणात सुटतात, फाटलेल्या रक्तवाहिनीचे तोंड आकसते आणि स्राव लवकर थांबतो. वस्तऱ्यासारख्या धारेने झालेला स्वच्छ छेद अधिक काळ वाहत राहतो. त्यामुळे रुंद पण बोथट पात्यापेक्षा अरुंद व धारदार पाते बरे, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि शरीरात रक्तस्राव होणे आणि रक्त जमिनीवर पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाण वरच्या बाजूने शिरून आतच अडकला तर रक्त छातीच्या पोकळीत साचते. जनावर मरते, पण माग उमटत नाही. बाण आरपार जाऊन खालच्या बाजूस दुसरे छिद्र पडले तरच रक्त सहज बाहेर वाहते. रानडुकराच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. नराच्या खांद्यावरील कातडी ढालीसारखी जाड असते, तिच्याखालची चरबी छिद्रात सरकून ते बुजविते आणि राठ केस उरलेसुरले रक्त टिपून घेतात.

पात्याची निवड :

याच कारणाने रुंद पाते नेहमीच हितकारक ठरत नाही. पाते जितके रुंद आणि पात्यांची संख्या जितकी अधिक, तितका शिरताना होणारा विरोध अधिक. बांबूच्या तीरकमठ्याची ओढ मर्यादित असते. त्यास अरुंद, पानाच्या आकाराचे दुधारी पातेच मानवते. विदर्भातील महापाषाणयुगीन दफनांतून कुऱ्हाडी व खंजिरांबरोबर लोखंडी बाणाग्रेही मिळाली आहेत. वर्धा जिल्ह्यातील खैरवाड्याची शिलावर्तुळे याच संस्कृतीची, आणि नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली आहे. म्हणजे लोखंडी पात्याशी या प्रदेशाचा परिचय किमान अडीच हजार वर्षांचा आहे.

उलट काटे असलेला ‘कर्णी’ बाण प्राचीन ग्रंथांत वेगळा गणला आहे. मनुस्मृतीने युद्धात तो निषिद्ध मानला, कारण तो काढताना मांस फाटते. शिकारीच्या दृष्टीनेही तो सदोष आहे : जखमेत रुतलेला बाण बुचासारखा बसून रक्त अडवितो.

आधुनिक तिरंदाजीत लागताक्षणी उघडणारी पाती आली आहेत. ती मोठा छेद करतात, पण उघडण्यात बाणाची काही शक्ती खर्ची पडते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील इंडियन हेड या नौदल तळावर हरणांच्या नियंत्रित शिकारीच्या दीर्घकालीन नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांत स्थिर पात्यांनी जखमी झालेल्या हरणांपैकी सुमारे ८२ टक्के, तर उघडणाऱ्या पात्यांनी जखमी झालेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के हाती आली. हा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लागू करणे मात्र चुकीचे ठरेल. ते तिरंदाज परीक्षा देऊन पात्र ठरलेले होते, त्यांची साधने शक्तिशाली होती आणि हरणाची कातडी रानडुकराच्या मानाने पातळ असते.

मागाचे वाचन :

फेसाळ, तांबडे रक्त फुप्फुसाचे. काळपट रक्त यकृताचे. हिरवट, दुर्गंधीयुक्त स्राव आतड्याचा. पहिल्या प्रकारात अर्ध्या तासाने माग काढता येतो. यकृताच्या जखमेत काही तास थांबावे लागते व आतड्याच्या जखमेत आठ-दहा तास, अन्यथा बसलेले जनावर उठून दूर जाते. परंतु जंगलाला लागून असलेल्या शेतात रात्रभर जखमी रानडुक्कर सोडून देणे म्हणजे पहाटे कामाला निघालेल्या मजुरांना संकटात लोटणे होय. त्यातच वर्ध्याच्या काळ्या मातीत रक्ताचा थेंब दिसत नाही आणि पावसाची एक सर सारा माग धुऊन नेते. सागाचे कोवळे पान चुरगळले तरी लाल रस निघतो, हेही माग काढणाऱ्याने ध्यानी ठेवावे. फासेपारध्यांनी बाणाऐवजी फास पत्करला, त्यात हरवलेल्या जनावराचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

कायद्याची बाजू :

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ अन्वये शिकारीस बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असून, पिकांस धोका असल्यास कलम ११ अन्वये सक्षम अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. कलम २ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर इजा करणेही समाविष्ट आहे. बाण घेऊन तुरीच्या शेतात दिसेनासे झालेले जनावर नंतर जगले किंवा मेले, तरी परवानगीवाचून तो बाण सोडणारा शिकारीच्या गुन्ह्यास पात्र ठरतो.