औषधाची पावती आणि आपला मोबाइल क्रमांक

औषधाच्या दुकानात पैसे देताना ‘मोबाइल नंबर सांगा’ असे कोणी म्हटले, की आपण तो सांगून मोकळे होतो. रक्ततपासणीच्या केंद्रात वय, पत्ता, आजार असा सारा तपशील लिहून देतो. काही दिवसांनी मधुमेह मुळापासून घालविणारा काढा, गुडघेदुखीवरचा पट्टा, ज्येष्ठांसाठी विमा अशा जाहिरातींचे फोन सुरू होतात. बोलणाऱ्याला आपले नावच नव्हे, तर दुखणेही ठाऊक असते. आजारी माणसाला आपले दुखणे जाणणारा आवाज आपुलकीचा वाटतो आणि धोका नेमका तेथेच असतो. अशा आवाजावर विसंबून कोणी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडतो, तर कोणी बँकेचा तपशील सांगून बसतो.

या प्रश्नावरील कायद्याची वाट एका वयोवृद्ध गृहस्थांमुळे मोकळी झाली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम’ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून व्यावसायिकांवरील प्रमुख बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत.

या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: माहिती ज्या कारणासाठी दिली, त्याच कारणासाठी ती वापरावी. कायद्यातच दिलेले एक उदाहरण पाहा. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधील संपर्कयादीही मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी तो होकार केवळ वैद्यकीय सेवेपुरताच ग्राह्य धरला जातो. कारण सल्ला देण्यासाठी संपर्कयादीची गरज नसते. औषध-दुकानाचे उदाहरणही तेथे आहे. पावतीचा संदेश पाठविण्यासाठी दिलेला क्रमांक त्या संदेशापुरताच वापरावयाचा. तो संमतीवाचून दुसऱ्यास विकणे या चौकटीत बसत नाही. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही आपणांस आहे. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. संमतीपूर्वीची सूचना मराठीतून वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. चुकीची माहिती दुरुस्त करून वा अनावश्यक माहिती पुसून मागता येते. शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी: आपल्या मृत्यूनंतर, अथवा मानसिक वा शारीरिक अक्षमता आल्यास, हे हक्क बजावण्यासाठी एखाद्या व्यक्तीचे नामनिर्देशन करता येते.

कायद्याला मर्यादाही आहेत. वहीत हाताने लिहिलेली नोंद संगणकावर चढेपर्यंत त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून आपली सावधगिरी हवीच. क्रमांक मागितला, तर ‘कशासाठी?’ असे शांतपणे विचारावे. बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना दिली आहे. तपासणीचा अर्ज भरताना जाहिरातींना संमती देणारी चौकट रिकामी सोडावी. जाहिरातींचे फोन थांबविण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. आर्थिक फसवणूक झाल्यास संकोच न बाळगता तत्काळ १९३० वर कळवावे.

घरातील आजी-आजोबांनी अशा फोनवर चार शब्द जास्त बोलले, तर त्यांच्यावर रागावू नये. रागाच्या भयाने पुढचा फोन लपविला जातो. ‘कोण बोलत होते?’ ही सहज विचारणा आणि तिला मिळणारे मोकळे उत्तर, हे घरातले संरक्षण कोणत्याही अधिनियमाइतकेच मोलाचे आहे.