चौकशी झाली, गुन्हा कुठे आहे?

परभणीत 35 वर्षांचा एक तरुण कायद्याचं शिक्षण घेत होता. 10 डिसेंबर 2024 रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, पोलिसांनी धरपकड केली आणि त्यात तोही उचलला गेला. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. 15 डिसेंबरला तो गेला. हृदयविकाराचा झटका, असं सुरुवातीला सांगण्यात आलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण होतं.

अटक करताना पोलिसांनी किती बळ वापरावं, हे कायद्याने मोघम ठेवलेलं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 नुसार आरोपीने विरोध केला तर अटकेपुरतं आवश्यक बळ वापरता येतं. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. कलम 46 म्हणतं, पळून जाऊ नये एवढाच अटकाव करा. आणि माणूस एकदा कोठडीत आला, की मारण्याला कोणतंच कलम आधार देत नाही. ‘थर्ड डिग्री’ हा तपासाचा भाग आहे असं मानणारे पोलीस आहेत आणि ‘त्याशिवाय गुन्हेगार बोलत नाहीत’ म्हणणारे सुशिक्षित नागरिकही आहेत. दोघांनाही कायद्यात जागा नाही.

कोठडीत मृत्यू झाला, की कलम 196 नुसार दंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी सक्तीची आहे. परभणीत ती झाली आणि तिच्या अहवालात पोलिसांवर ठपका आला. खरी अडचण इथे सुरू होते. ठपका ठेवणारा अहवाल आल्यावर पुढे काय करायचं, गुन्हा कुणी, किती दिवसांत नोंदवायचा, हे कलम सांगत नाही. तोवर दप्तरी ‘अकस्मात मृत्यू’ एवढीच नोंद राहू शकते. ज्यांच्यावर संशय त्यांच्याच खात्याकडे कागद, साक्षीदार आणि सीसीटीव्हीचं चित्रण असतं. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. पण चित्रण वेळेत ताब्यात घेतलं नाही, तर कॅमेऱ्याचा उपयोग काय?

शेवटी त्या तरुणाच्या आईलाच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. तिचे वकील प्रकाश आंबेडकर यांनी नेमकं कायद्यातल्या या पोकळीवर बोट ठेवलं. 4 जुलै 2025 रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, हे मला सर्वांत जास्त खुपतं. मृताच्या आईशी लढायला सरकारी वकील उभे राहिले. 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. मृत्यूला तेव्हा साडेसात महिने झाले होते, आणि हा प्रवास फक्त गुन्ह्याच्या नोंदीपर्यंतचा.

प्रत्येक आईला खंडपीठ गाठता येत नाही. म्हणून दंडाधिकाऱ्यांनी ठपका ठेवताच ठरावीक मुदतीत गुन्हा नोंदवला जाईल आणि तपास बाहेरच्या यंत्रणेकडे जाईल, अशी दुरुस्ती कलम 196 मध्ये व्हायला हवी. आपल्या खासदाराला हे विचारा: ही दुरुस्ती तुम्ही केव्हा मांडणार?