कुलूप किती मिनिटांचं?

१९७२ साली न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेज भागात रस्त्याकडेच्या एका खांबाला एक सायकल कुलूप लावून उभी केली होती. चोरांनी यावं आणि हवं ते करून पाहावं, म्हणून मुद्दामच! मायकेल झेन नावाच्या माणसाने यू आकाराच्या पोलादी कुलपांचा धंदा नुकताच सुरू केला होता. आपलं कुलूप किती भक्कम आहे, हे त्याला लोकांना दाखवायचं होतं. सायकल ३० दिवस तिथेच राहिली. तेवढ्यात सुटे करता येतील ते सगळे भाग चोरांनी काढून नेले. पण कुलपाने जे धरून ठेवलं होतं, ते जागचं हललं नाही. झेनच्या कंपनीचं नाव होतं क्रिप्टोनाइट. हो, सुपरमॅनची शक्ती काढून घेणारा तो हिरवा दगड, तोच!

मग काय, हे कुलूप कुणालाच उघडता येणार नाही, अशी ख्याती झाली. आणि २००४ साली एका माणसाने ते बॉलपेनने उघडून दाखवलं. खरंच, साध्या प्लॅस्टिकच्या पेनाने. त्या काळात अशा कुलपांच्या किल्ल्या गोल, नळीसारख्या असायच्या. कुलपाच्या तोंडात छोट्या खुंट्या गोलाकार बसवलेल्या असायच्या आणि किल्लीवरच्या खाचांनी प्रत्येक खुंटी नेमकी हवी तेवढी आत दाबली जायची. पेनाची नळी मापाला तेवढीच निघाली. ती दाबून फिरवली की मऊ प्लॅस्टिकवर खुंट्यांचे ठसे उमटत आणि पेनाचीच किल्ली होऊन जाई! ही गोष्ट जगभर पसरली. कंपनीने लाखो कुलपं बदलून दिली आणि पुढे किल्लीची रचनाच बदलली. गंमत पाहा, पोलाद तसंच भक्कम होतं, हरली ती किल्लीची जागा.

असं पूर्वीही झालं होतं. लंडनमधल्या जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षं एक कुलूप ठेवलेलं होतं. किल्लीशिवाय ते उघडून दाखवेल त्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटीही होती. साठेक वर्षं कुणालाच ते जमलं नाही. १८५१ साली लंडनमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यासाठी अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलपांचा जाणकार आला. त्याने ते उघडलं. त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करावं लागलं.

मला यातला ५१ हा आकडा फार आवडतो. कारण कुलपाची खरी ताकद अशीच मोजायची असते, वेळात. न उघडणारं कुलूप कुणी बनवलेलं नाही. पण रस्त्यावरच्या चोराकडे काही ५१ तास नसतात. त्याच्याकडे असतात दोन-चार मिनिटं, आणि तेवढ्यातही कुणी बघेल, कुणी हटकेल ही धास्ती असते. म्हणजे सायकलला कुलूप घेताना आपण मिनिटं विकत घेतो. ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर नावाची संस्था हेच तपासते. तिथली माणसं हत्यारं घेऊन कुलपांवर तुटून पडतात आणि शेजारी घड्याळ चालू असतं. कुलूप किती टिकलं त्यावरून त्याला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड किंवा डायमंड असा दर्जा मिळतो. मोठेपणी असं काम करायला कुणाला आवडणार नाही!

आता आपल्या दुकानात जाऊ. भिंतीवर रंगीबेरंगी कुलपं लटकलेली असतात आणि मुलांचा हात आधी जातो तो आकड्यांच्या कुलपाकडे. किल्ली हरवायची भीती नाही, गुपित आकडा फक्त आपल्याला माहीत! जरा गणित करू. तीन चकत्या असतील तर ००० ते ९९९ असे १००० आकडे होतात. सेकंदाला एक आकडा लावून पाहिला तर सगळे संपायला १६ मिनिटं ४० सेकंद. चौथी चकती आली की १०,००० आकडे, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. एका चकतीने केवढा फरक पडला! पण चोर इतका वेळ आकडे मोजत बसत नाही. स्वस्त कुलपातल्या चकत्या अगदी एकसारख्या कापलेल्या नसतात. कुलूप ताणून धरलं की एखादी चकती इतरांपेक्षा घट्ट लागते, आणि बोटांना ते कळतं. म्हणजे ते कुलूप आपलं गुपित स्वतःच सांगून टाकतं. म्हणून मी तरी तीन चकत्यांचं स्वस्त कुलूप घ्यायला सांगणार नाही.

बऱ्याचदा ते कुलूप केबलचं असतं. बाहेरून चांगलं अंगठ्याएवढं जाड! पण ती जाडी बरीचशी प्लॅस्टिकची असते. आत बारीक तारांचा पीळ असतो आणि चोर त्या एकेक करून कापत जाऊ शकतो. केबलचा एक उपयोग मात्र आहे. मुख्य कुलूप दुसरं असेल तर पुढचं चाक त्याला जोडून ठेवायला ती उत्तम. एकटीवर भिस्त ठेवू नका.

मग कशावर ठेवायची? पोलादावर. पण कुठल्याही नव्हे. भक्कम कुलपाच्या कडीवर ‘हार्डन्ड’ अशी अक्षरं कोरलेली दिसतात, ती बघा. गावाकडे लोहार कोयत्याला पाणी देतो ते पाहिलंय? लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की ‘चर्रर्र’ आवाज येतो आणि वाफेचा लोट उठतो. त्या क्षणी आत काय होतं ते मला विलक्षण वाटतं. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. पोलाद लाल होईपर्यंत तापवलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनचे अणू त्यांच्यामधल्या जागेत मावतात. पोलाद हळूहळू थंड केलं तर ते निवांतपणे बाहेर पडतात. पण एकदम बुडवलं तर त्यांना निघायला वेळच मिळत नाही! एसटीच्या बाकावर तिघं दाटीवाटीने बसलेले असताना मध्ये चौथा घुसला, की कुणालाच हलता येत नाही ना? तसे लोखंडाचे अणू जखडले जातात. अणूंचे थर एकमेकांवरून घसरले तरच धातू वाकतो किंवा कापला जातो. इथे घसरणंच अवघड झालेलं असतं. अशा कडीवर कानस घासली तर ती सरकून जाते, ओरखडाही धड उठत नाही. साध्या लोखंडावर तीच कानस लगेच चकचकीत खूण करते. नुसतं कडक झालेलं पोलाद मात्र काचेसारखं तडकू शकतं, म्हणून ते पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात.

चोराच्या हातातलं कटर म्हणजे तरफ, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकला असालच. टेकूपासून पातं अडीच सेंटिमीटरवर आणि दांडे पाऊण मीटर लांब, असं धरा. म्हणजे हाताने लावलेला जोर पात्याशी तीसपट होतो. कटरच्या दांड्यावर २० किलो वजनाएवढा जोर दिला की कडीवर ६०० किलोचा! जोडतरफेचं कटर असेल तर त्याहूनही जास्त. आता समजा साखळी जमिनीवर लोळते आहे. चोर कटरचा एक दांडा जमिनीला टेकवतो आणि दुसऱ्यावर अख्खं अंग टाकतो. तीच साखळी वर, सायकलच्या दांड्यापाशी घट्ट गुंडाळली असेल तर त्याला फक्त हातांचा जोर लावता येतो. साखळी तीच, कुलूप तेच, बदलली ती फक्त बांधायची जागा!

यू-लॉकची गोष्ट तर आणखी मजेची. मोठं कुलूप जास्त भक्कम, असं आपल्याला वाटतं. पण यूच्या आत मोकळी जागा जितकी जास्त, तितकी त्यात पहार घालून पिळायला सोय जास्त. छोटं कुलूप, त्यात खांब, सायकलचा दांडा आणि चाक असं गच्च भरलं की पहारीचं टोकही शिरत नाही. म्हणून दुकानात कुलूप हातात घेतलं की विचार करा, माझी सायकल आणि शाळेतला तो खांब यांच्यापुरतं सगळ्यात लहान कुठलं? हे कुलूप जड असतं, दीड-दोन किलोपर्यंतही जातं, तेव्हा ते सायकलच्या फ्रेमला अडकवायचा क्लिप सोबत आहे ना, तेही पाहा. जड म्हणून घरी राहिलेलं कुलूप काही कामाचं नाही. मोठाले चोर आता बॅटरीवर चालणारा ग्राइंडर वापरतात. त्यालाही उत्तर निघालंय. काही नव्या कुलपांच्या धातूत अतिशय कठीण सिरॅमिक मिसळलेलं असतं आणि कापता कापता ग्राइंडरची चकतीच झिजून संपते. महागडं आहे, पण कल्पना किती सुरेख!

आणि बांधायचं कशाला? अमेरिकेत शेल्डन ब्राउन नावाचा सायकलचा मोठा जाणकार होऊन गेला. त्याने सांगितलेली पद्धत पहिल्यांदा ऐकली की चुकीचीच वाटते. छोटं यू-लॉक मागच्या चाकाच्या रिममधून घालायचं, तेही सीटखालच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, आणि खांबाला अडकवायचं. फ्रेमच्या दांड्याभोवती कुलूप नाहीच! मग फ्रेम निघून जाणार नाही? करून पाहा. चाक चिमट्यातून सोडवलं तरी कुलूप लावलेली रिम त्या त्रिकोणातून बाहेर येऊच शकत नाही. बरं, रिम करवतीने कापावी, तर स्पोक तिला सगळीकडून आत खेचत असतात. त्यामुळे थोडी कापली गेली की फट मिटू लागते आणि करवतीचं पातं त्यातच आवळलं जातं.

आपल्या काळ्या, उंच सायकलींच्या मागच्या चाकावर जे गोल कुलूप असायचं, आणि नेदरलँड्समध्ये अजूनही घरोघरी दिसतं, ते चाक फिरू देत नाही. पण सायकल उचलून टेम्पोत टाकायला त्याची काहीच अडचण नाही. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त. तिथले लोक त्या गोल कुलपाच्या जोडीला साखळीही लावतात. दूध आणायला दोन मिनिटं थांबायचं तर गोल कुलूप पुरे, क्लासला दोन तास बसायचं तर साखळी किंवा यू-लॉक हवंच. खांबही नीट निवडा. जो खांब वरून मोकळा आणि बुटका, त्यावरून कुलपासकट सायकल उचलून काढता येते.

एक काम मात्र आजच करा. सायकल उलटी करा आणि दोन्ही पायडल जिथे जोडलेली असतात त्या जाड नळीखाली चिखल पुसून बघा. बहुतेक सायकलींवर तिथे धातूत ठोकलेला एक क्रमांक असतो. तिथे नसेल तर सीटखालच्या दांड्यावर किंवा हँडलखाली पुढच्या बाजूला शोधा. तो वहीत लिहून ठेवा, सायकलशेजारी उभं राहून एक फोटो काढा आणि बिलासोबत आईबाबांकडे द्या. सायकल सापडली तर ती तुमचीच आहे हे पोलिसांना याच क्रमांकावरून पटवता येईल.