वादळवाटा (लेखांक ७) : राडारोडा उचलल्यानंतरचं गाव

टॉर्नेडो कसा जन्माला येतो, ते गेल्या लेखांकात पाहिलं. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट, उबदार हवा आणि पश्चिमेच्या पठारांवरून येणारी कोरडी हवा यांची वसंतात अमेरिकेच्या मधल्या मैदानावर गाठ पडते. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असेल, तर तिथला गडगडाटी ढग स्वतःभोवती फिरू लागतो. आपल्या कोकणावर येणारं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं आणि काही दिवस आधी त्याची खबर लागते. टॉर्नेडो मात्र एखाद्या गावावर जेमतेम काही मिनिटं असतो. आज लिहायचंय ते त्या मिनिटांनंतर आलेल्या वर्षांबद्दल, आणि तेही एकाच गावाला धरून. कॅन्सस राज्यातलं ग्रीन्सबर्ग.

शुक्रवार, ४ मे २००७. रात्री पावणेदहाच्या सुमारास टॉर्नेडो दक्षिणेकडून गावात शिरला. त्याची रुंदी सुमारे २.७ किलोमीटर होती, म्हणजे अख्खं गाव एकदम त्याच्या पोटात गेलं. वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास होता, असा अंदाज नंतर काढला गेला. हा आकडा कुठल्या यंत्रावर मोजलेला नसतो. कोणत्या बांधणीचं घर कितपत मोडलं, झाडाची सालं सोलली गेली का, पाया सोडून भिंती वाहून गेल्या का, हे पाहत तज्ज्ञ गावभर फिरतात आणि नुकसानीवरून वेग ताडतात. शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये आखलेली ही श्रेणी २००७ च्या फेब्रुवारीत सुधारून वापरात आणली होती. सुधारित श्रेणीतला सर्वांत वरचा, म्हणजे ‘ईएफ-५’चा, पहिला शिक्का ग्रीन्सबर्गच्या टॉर्नेडोवर बसला.

गावातली सुमारे ९५ टक्के बांधकामं गेली. मृत्यू झाले अकरा. एवढा विध्वंस आणि बळी अकरा, यामागे डॉज सिटीच्या हवामान कार्यालयात रडारसमोर बसलेली माणसं आहेत. गावातले भोंगे टॉर्नेडो पोचण्याच्या सुमारे वीस मिनिटं आधी वाजले. त्या काळी अमेरिकेत टॉर्नेडोच्या इशाऱ्याला सरासरी तेरा-चौदा मिनिटंच मिळत. शेवटी कार्यालयाने नेहमीच्या शब्दांपलीकडे जाऊन ‘टॉर्नेडो आणीबाणी’ जाहीर केली. त्या मैदानी प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या घराखाली तळघर काढण्याची रीत आहे. लोक खाली उतरले आणि वर आले तेव्हा डोक्यावर घर नव्हतं. अकरा कुटुंबांचं दुःख कुठल्याही सरासरीने हलकं होत नाही. पण वेळेवर मिळालेला इशारा आणि घराखालचं तळघर या दोन साध्या गोष्टींनी शेकडो जीव वाचवले, हे ठामपणे सांगितलं पाहिजे.

तुटलेल्या विजेच्या तारा आणि गॅसच्या गळतीमुळे गाव रिकामं केलं गेलं. लोक हॅविलँड, मलिनव्हिल, प्रॅट अशा शेजारच्या गावांत गेले, तिथल्या शाळांत आणि नातेवाइकांकडे राहिले. शाळा, रुग्णालय, नगरपालिका, अग्निशमन केंद्र, पाण्याची उंच टाकी, चर्च, दुकानं, सगळं जमीनदोस्त झालं होतं. ठळकपणे उभं राहिलं ते १९१४ च्या सुमाराचं काउंटी न्यायालय आणि काँक्रीटचं उंच गोल धान्य कोठार. आणखी एक गोष्ट टिकली : १८८७-८८ मध्ये हाताने खणलेली गावची मोठी विहीर. खोली १०९ फूट, रुंदी ३२ फूट. विहिरीशेजारच्या संग्रहालयाची इमारत कोसळली आणि तिथे ठेवलेली साधारण हजार पौंडांची उल्का ढिगाऱ्याखाली गाडली गेली. ती नंतर सापडली.

राडारोडा उचलणं हे काम मोठं असतं, पण ते कळतं. यंत्रं येतात, ट्रक येतात, ढीग कमी होताना दिसतो. त्यानंतरचा प्रश्न कुठल्याही यंत्राने सुटत नाही : इथे परत राहायचं कशासाठी?

ग्रीन्सबर्ग वादळाआधीपासूनच ओसरत होतं. १९६० च्या जनगणनेत इथे जवळपास दोन हजार माणसं होती. २००० मध्ये १,५७४. गव्हाची शेती मोठ्या यंत्रांवर गेली, शेतं एकत्र होत गेली, कमी माणसांत जास्त जमीन कसली जाऊ लागली. मुलं शिकायला शहरात गेली की परतायची नाहीत. मागे उरत ती म्हातारी माणसं आणि त्यांची जुनी लाकडी घरं. आपल्याकडची ज्या गावांतली मुलं पुण्या-मुंबईला गेली आणि तिथलीच झाली, त्या गावांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको.

या जुन्या घरांमध्येच पुढच्या अडचणीचं मूळ आहे, म्हणून इथे थोडं थांबू. अशा गावात घराची बाजारातली किंमत अगदी कमी असते. कर्ज कधीच फिटलेलं असतं. विमा असला तरी तो जुन्या किमतीच्या हिशोबाने काढलेला असतो. घर गेलं की विम्याचे पैसे येतात, पण त्याच जागी नवं घर बांधायला त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. सत्तरीतल्या माणसाने मधला फरक भरायला नवं कर्ज काढायचं? ते पैसे घेऊन तो प्रॅटला घर घेतो किंवा मुलाकडे जातो. त्यात चूक काहीच नाही. भाडेकरूंची गत याहून कठीण. भाड्याचं घर मोडलं की घरमालकाला विमा मिळतो, भाडेकरूच्या हाती त्यातलं काही लागत नाही, आणि नवं बांधलेलं घर पूर्वीच्या भाड्यात कोणी देत नाही. म्हणजे वादळ सगळ्यांवर सारखं येतं, पण परतण्याची ऐपत सगळ्यांची सारखी नसते. दुकानांचंही तेच. जुन्या इमारतीत जवळजवळ फुकटात चालणारं छोटं दुकान नव्या बांधकामाचा खर्च पेलू शकत नाही. आणि घरं-दुकानं गेली की नगरपालिकेचा मालमत्ता कर जातो, विजेची बिलं जातात. ज्या वर्षी सगळ्यात जास्त खर्च करायचा, त्याच वर्षी तिजोरी रिकामी होते. केंद्र सरकारची आपत्ती संस्था ‘फेमा’ सार्वजनिक इमारतींच्या खर्चाचा मोठा वाटा, साधारणपणे किमान ७५ टक्के, उचलते. पण मूळ हिशोब असतो तो होतं ते परत उभं करण्याचा. त्याहून चांगलं हवं असेल, तर पैसा दुसरीकडून आणावा लागतो.

अशा वेळी गावाने काय केलं? पहिल्या काही दिवसांतच मोठ्या तंबूत सभा भरू लागल्या. महापौर लॉनी मॅककॉलम आणि गावचे प्रशासक स्टीव्ह ह्यूइट यांनी, जुन्यासारखंच बांधायचं तर पुन्हा तीच उतरण, असं ओळखलं होतं. गाव पर्यावरणस्नेही बांधायचं, हा विचार याच सुरुवातीच्या दिवसांत पुढे आला. जवळच्या काउंटीत राहणाऱ्या डॅनियल वॉलक यांनी त्यासाठी ‘ग्रीन्सबर्ग ग्रीनटाउन’ ही संस्था काढली. राज्याच्या गव्हर्नर कॅथलीन सेबेलियस यांनीही कल्पना उचलून धरली.

पण हे कॅन्सस. ‘पर्यावरण’ म्हटलं की शहरी चळवळ्यांचं खूळ, असं मानणारा हा शेतकरी, पुराणमतवादी भाग. अनेकांना धास्ती होती की बाहेरचे लोक आपल्या दुःखावर स्वतःचे प्रयोग करतील. ही धास्ती मला रास्त वाटते. उद्ध्वस्त गावात असे प्रयोग जगभर झालेले आहेत. मॅककॉलम यांनी काही दिवसांतच पद सोडलं. २००८ पासून महापौर झालेले बॉब डिक्सन, आधीचे पोस्टमास्तर, यांनी हा विषय गावकऱ्यांच्याच जगण्यातून मांडला. आपल्या आजे-पणज्यांनी मातीच्या ढेपांची घरं बांधली, पवनचक्कीने पाणी उपसलं, काही वाया घालवलं नाही. आपण नवं काहीच शिकत नाही आहोत, असं ते सांगत राहिले. गाव वळलं ते याच बोलण्यामुळे असं मी मानतो, कारण कोणी आपली जमीन सोडून परक्याची रीत उचलतो आहे, ही भावना त्यातून निघून गेली.

डिसेंबर २००७ मध्ये नगरपालिकेने ठराव केला : चार हजार चौरस फुटांहून मोठी प्रत्येक पालिकेची इमारत ‘लीड प्लॅटिनम’ दर्जाचीच बांधायची. ऊर्जा, पाणी, साहित्य, हवा यांच्या वापरावरून इमारतीला गुण देणाऱ्या अमेरिकी पद्धतीतली ही सर्वांत वरची पायरी. असा ठराव करणारं अमेरिकेतलं हे पहिलं गाव. कॅन्सस सिटीतल्या ‘बीएनआयएम’ या वास्तुरचनाकार संस्थेने आराखडा केला. ऊर्जेच्या कामात कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने मदत केली. पहिली उभी राहिली ती कॅन्सस विद्यापीठाच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी बांधलेली कला केंद्राची इमारत. तिचं नाव ‘५.४.७’, वादळाच्या तारखेवरून. राज्यातली ती पहिली लीड प्लॅटिनम वास्तू. मग नगरपालिका, रुग्णालय, शाळा झाली. रस्त्यांवर एलईडी दिवे आले. छोट्या व्यावसायिकांना कमी भाड्यात जागा मिळावी म्हणून एक सामायिक इमारत बांधली गेली, आणि वर सांगितलेल्या दुकानांच्या अडचणीवर हा नेमका उपाय होता.

माझ्या मते या साऱ्यात सर्वांत शहाणपणाचा निर्णय वेगळाच होता, आणि त्याची चर्चा कमी होते. २००७ च्या ऑगस्टमध्येच, म्हणजे वादळानंतर अवघ्या तीन-साडेतीन महिन्यांत, शाळा गावातच ट्रेलरमध्ये सुरू झाली. नवी इमारत पुरी व्हायला २०१० उजाडलं. पण मुलं शेजारच्या गावात दाखल झाली असती, तर त्यांच्या मागोमाग आईबापही गेले असते. रुग्णालयही आधी तंबूत, मग तात्पुरत्या खोल्यांत चालू राहिलं. तरुण कुटुंब परतायचं की नाही हे ठरवतं, तेव्हा त्याच्या मनात आधी मुलाची शाळा असते. इमारतीच्या आधी वर्ग सुरू केला, यातून गावाने आपल्याच लोकांना सांगितलं की आम्ही इथे आहोत.

या गोष्टीत महाराष्ट्राचा एक धागा आहे. गावाबाहेर २०१० मध्ये पूर्ण झालेल्या पवन ऊर्जा प्रकल्पात दहा पवनचक्क्या आहेत, प्रत्येकी सव्वा मेगावॅटच्या, मिळून १२.५ मेगावॅट. त्या पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सुझलॉन’च्या बनावटीच्या. कंपनीने त्याआधीच मिनेसोटातल्या पाइपस्टोन गावी पात्यांचा कारखाना उघडला होता. ग्रीन्सबर्गची गरज या विजेच्या एका भागात भागते. कॅन्ससच्या मैदानात वारा वर्षभर वाहतो. टॉर्नेडो म्हणजे त्या प्रदेशाच्या हवेचा एक क्वचित, भीषण प्रकार. रोजचा वारा हे तिथलं उत्पन्न आहे.

२००९ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामांनी अमेरिकी काँग्रेससमोरच्या भाषणात ग्रीन्सबर्गचं नाव घेतलं. वाहिन्यांनी मालिका केल्या. आणि २०१० च्या जनगणनेत गावात ७७७ माणसं निघाली. २०२० मध्ये ७४०.

म्हणजे गाव निम्मं झालं. प्रयोग फसला, असं काही जण म्हणतात. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. निम्मी माणसं गेली ती विम्याच्या आणि वयाच्या हिशोबामुळे. छतावरच्या सौर पट्ट्यांनी त्यांना हाकललं नाही. इमारतींवर एकही प्लॅटिनम शिक्का नसता, तरी ती गेलीच असती. परंतु उलट बाजूचा उत्साहही मला पटत नाही. पर्यावरणस्नेही उद्योग येतील, पर्यटक येतील, नोकऱ्या येतील, ही सुरुवातीची आशा होती. ती पुरी झालेली नाही. परवडणारी भाड्याची घरं हा प्रश्न उरला. एखाद्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला इथे नोकरी मिळाली आणि राहायला जागाच मिळाली नाही, तर उत्तम रुग्णालय आणि उत्तम शाळा कामाला माणसं कुठून आणणार? पुनर्बांधणीच्या पहिल्या वर्षातच साध्या भाड्याच्या घरांसाठी वेगळा पैसा बाजूला काढायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. मोठ्या इमारतींना देणगीदार मिळतात. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घराला मिळत नाहीत.

तरीही ७५० वस्तीच्या गावाला स्वतःचं रुग्णालय, बारावीपर्यंतची शाळा, न्यायालय आणि चालू बाजार असणं ही कमाई आहे. कॅन्ससमध्ये वादळ न येताही यांतलं बरंच काही गमावलेली गावं आहेत. स्वयंसेवकांचं ऋणही इथे नोंदवायला हवं. मेनोनाइट पंथाच्या आपत्ती सेवा संस्थेची माणसं येऊन ज्यांना परवडत नव्हतं त्यांची घरं बांधून देत होती. सुतार, प्लंबर, वीजतंत्री. त्यांनी बांधलेल्या घरांवर कुठला दर्जाचा शिक्का नसेल, पण त्यांच्यामुळे ज्या म्हाताऱ्या जोडप्याला प्रॅटला जावं लागलं नाही, त्यांच्यासाठी गाव तिथेच परत उभं राहिलं.

पुढच्या लेखांकात मिसूरीतलं जॉप्लिन. २२ मे २०११ रोजी तिथे दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि वस्ती होती पन्नास हजारांची. इतकी मोठी लोकवस्ती असताना भोंगे वाजूनही लोक का हलले नाहीत, यावर अमेरिकेत जो अभ्यास झाला, तो पाहू.