पुसलेल्या डेटाची शोधाशोध : १९८२ ते २०१७

डिस्कवरची मोठी फाइलही संगणक चुटकीसरशी पुसतो, कारण तो मजकुराला हातच लावत नाही. फाइलची नोंद खोडायची आणि तिची जागा मोकळी झाल्याचे नमूद करायचे, एवढेच तो करतो. हजेरीपटावरचे नाव खोडले तरी मूल वर्गात बसलेलेच असावे, तसा हा प्रकार. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर शाबूत राहतो. गेलेला डेटा परत मिळवण्याचे तंत्र दीर्घकाळ याच गोष्टीवर चालले.

१९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी आयबीएम पीसीसाठी ‘नॉर्टन युटिलिटीज’ आणले. त्यातला ‘अनइरेज’ हा प्रोग्राम लोकप्रिय झाला. डॉसच्या फॅट पद्धतीत फाइल पुसली की तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तिथे एक खूण येई. फाइल कोणत्या क्लस्टरपासून (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या भागापासून) सुरू होते आणि केवढी आहे, ही माहिती तशीच राही. पुढचे क्लस्टर जोडणारी साखळी मात्र नाहीशी होई. त्यामुळे सलग लिहिलेली फाइल सहज परत मिळे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असली तर अंदाज चुके. १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ ही आज्ञाच आली. तिच्या यादीत नावाच्या पहिल्या अक्षराजागी प्रश्नचिन्ह दिसे आणि ते अक्षर वापरणाऱ्याला स्वतः टंकावे लागे.

युनिक्सवर अशी मुभा नव्हती. १९८६ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात एका व्हॅक्स संगणकावर फोल्डर आतल्या सगळ्यासह पुसणारी ‘आरएम -आरएफ’ ही आज्ञा भलत्याच ठिकाणी चालली. ती मध्येच थांबवली गेली, पण तोवर मुख्य आज्ञा, व्यवस्थेच्या फाइली आणि उपकरणांच्या नोंदी नाहीशा झाल्या होत्या. टेपवर बॅकअप होता. मात्र टेपयंत्राची नोंदही गेलेली आणि ती नव्याने बनवणारा प्रोग्रामही पुसलेला. नवी डिरेक्टरी बनवण्याची आज्ञासुद्धा उरली नव्हती. सुदैवाने एका टर्मिनलवर ईमॅक्स हा संपादक आधीपासून चालू होता. तेव्हा शिल्लक राहिलेल्या एका डिरेक्टरीचे नाव बदलून तिला व्यवस्थेच्या पुसल्या गेलेल्या ‘ईटीसी’ डिरेक्टरीचे नाव देणारा छोटा प्रोग्राम असेम्ब्ली भाषेत लिहून ईमॅक्समधून आत घालण्यात आला. तो चालल्यावर शेजारच्या व्हॅक्सवरून नेटवर्कने आवश्यक फाइली आणता आल्या आणि मग टेपची वाट मोकळी झाली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याची घाई झाली असती, तर ईमॅक्सही हातचा गेला असता.

बॅकअप आहे असे समजून निर्धास्त राहणे किती महागात पडू शकते, हे १९९८ मध्ये पिक्सारला कळले. ‘टॉय स्टोरी २’च्या फाइली अशाच आज्ञेने भराभर नाहीशा होऊ लागल्या आणि बॅकअप तर बरेच दिवस नीट होतच नव्हता. तांत्रिक पर्यवेक्षक गॅलिन सुस्मन बाळंतपणानंतर घरून काम करत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक जपून गाडीतून स्टुडिओत आणला गेला आणि काम पुढे सरकले.

पुढे फाइलपद्धती सुधारल्या, तशी शोधाची वाट अरुंद झाली. लिनक्सच्या एक्स्ट२ मध्ये पुसलेल्या फाइलचे पत्ते सापडत. २००१ मध्ये मुख्य कर्नेलमध्ये आलेली एक्स्ट३ ते पत्ते शून्य करून टाकी. मग नोंदी सोडून थेट मजकुरातल्या खुणा शोधणारी साधने पुढे आली. जेपेग छायाचित्राची सुरुवात ठरावीक बाइट्सनीच होते. फोटोरेकसारखी साधने असे आरंभ हुडकत सगळी डिस्क चाळतात. छायाचित्र मिळते, पण नाव आणि फोल्डर मिळत नाही.

चिपवर साठवण करणाऱ्या एसएसडीने उरलीसुरली सवडही काढून घेतली. २००९ च्या विंडोज ७ पासून सर्रास झालेली ‘ट्रिम’ आज्ञा मोकळ्या झालेल्या जागा डिस्कला कळवते. त्यानंतर तिथला मजकूर वाचायला गेल्यास बहुधा शून्येच हाती लागतात आणि डिस्क त्या जागा आतल्या आत साफ करून टाकते.

त्यामुळे सगळी भिस्त बॅकअपवर आली. ३१ जानेवारी २०१७ रोजी सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या ‘गिटलॅब’ सेवेच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर द्यायची पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटाबेसपैकी साधारण ४.५ जीबी उरला होता. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने होतच नव्हता आणि तसे कळवणारे ईमेल नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे बहुतेक डेटा वाचला. त्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

आजची रीत या सगळ्या अनुभवांतून घडली आहे. चूक ध्यानात येताच त्या डिस्कवर काहीही लिहिणे थांबवायचे, डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची हुबेहूब प्रत काढायची आणि शोधाशोध त्या प्रतीवरच करायची. त्याआधीची तयारी म्हणजे वेगळ्या ठिकाणी ठेवलेला बॅकअप, आणि तो ठरावीक काळाने प्रत्यक्ष उतरवून, चालवून पाहणे.